ब्रेस्ट कॅन्सरनंतर हॉट फ्लॅशेसचा त्रास: अशा वेळी एचआरटी घेता येते का?

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, एक निर्णय जाहीर केला. मेनोपॉजच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या हॉर्मोनच्या औषधांवर २००३पासून जो ठळक चौकटीतला इशारा छापला जात होता, त्यातले हृदयविकार, ब्रेस्ट कॅन्सर आणि डिमेन्शियाचे उल्लेख काढायचं ठरलं. तेव्हापासून 'एचआरटी सुरक्षित आहे, बायकांना वीस वर्षं उगाच घाबरवलं' अशा अर्थाचे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील.

या रील्समध्ये एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. ही सगळी चर्चा ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर झालेला नाही अशा बायकांबद्दल आहे. ज्यांना तो होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा आहे, त्यावरचा अभ्यास वेगळा आहे आणि उत्तरही वेगळं आहे.

भारतीय महिलांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर ब्रेस्टचाच आहे. २०२२मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची नोंद झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. उपचार सुधारले तसं बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. त्यामुळे 'कॅन्सर गेला, पण रात्री तीनदा घामाने गाऊन भिजतो, त्याचं काय करू?' हा प्रश्न आता हजारो घरांत आहे.

एकच नाव, दोन उलट्या गोष्टी

सगळ्यात आधी एक गोंधळ मिटवू. 'हॉर्मोन थेरपी' हे नाव दोन पूर्णपणे विरुद्ध उपचारांसाठी वापरलं जातं.

ब्रेस्ट कॅन्सरच्या फाईलवर ऑन्कोलॉजिस्ट 'हॉर्मोन थेरपी' लिहितात, तेव्हा त्याचा अर्थ हॉर्मोनच्या विरोधातली थेरपी असा असतो. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, ॲनॅस्ट्रोझोल ही त्यातली औषधं. शरीरातलं इस्ट्रोजेन कॅन्सरच्या पेशींपर्यंत पोहोचू नये किंवा तयारच होऊ नये, हे त्यांचं काम.

स्त्रीरोगतज्ज्ञ मेनोपॉजसाठी 'हॉर्मोन थेरपी' म्हणतात, तेव्हा अर्थ बरोबर उलटा असतो. कमी झालेलं इस्ट्रोजेन बाहेरून द्यायचं. गोळी, पॅच, जेल अशा कुठल्याही स्वरूपात. हीच एचआरटी, म्हणजे हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी. गर्भाशय शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषधही द्यावं लागतं, कारण नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

म्हणजे एक डॉक्टर इस्ट्रोजेन बंद करतोय, दुसरा सुरू करतोय, आणि दोघांच्याही चिठ्ठीवर शब्द तोच. आई किंवा मावशीची फाईल हातात घेऊन तुम्ही दवाखान्यात जाणार असाल, तर 'कुठली हॉर्मोन थेरपी?' हा प्रश्न विचारायला लाजू नका.

इस्ट्रोजेनला एवढं का घाबरायचं?

१८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. ब्रेस्ट कॅन्सर पसरलेल्या काही महिलांच्या ओव्हरीज, म्हणजे अंडाशय काढल्यावर गाठी आक्रसल्या. तेव्हा हॉर्मोन ही संकल्पनाही धड तयार झाली नव्हती. पुढे कारण कळलं. बऱ्याच ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर इस्ट्रोजेनला पकडणारे रिसेप्टर असतात आणि इस्ट्रोजेन मिळालं की त्या पेशी वाढतात.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं ते हेच. जगभरात साधारण १० पैकी ७ ब्रेस्ट कॅन्सर या प्रकारचे असतात. भारतात ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे.

ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पुढच्या १५ वर्षांत ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. हा आकडा लक्षात ठेवा. दिसायला साधी, रोजची एक गोळी, पण जीव वाचवणारी. आणि हॉट फ्लॅशेसला वैतागून अनेक बायका नेमकी हीच गोळी मधेच, कधी कधी डॉक्टरांना न सांगता, सोडून देतात. म्हणून मेनोपॉजच्या त्रासाला 'तेवढं सहन कर' म्हणून उडवून लावणं मला धोक्याचं वाटतं. तो त्रास थेट कॅन्सरच्या उपचारावर येऊन आदळतो.

कॅन्सरनंतरचा मेनोपॉज वेगळा का असतो?

भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१च्या जवळ. नैसर्गिकरीत्या हे काही वर्षांत हळूहळू होतं. कॅन्सरच्या उपचारांत मात्र ते काही आठवड्यांत होऊ शकतं. किमोथेरपीने अंडाशयांचं काम थांबतं, कधी इंजेक्शनने ते मुद्दाम थांबवलं जातं, कधी ऑपरेशन करून अंडाशयच काढले जातात. पस्तिशीतल्या बाईच्या शरीराला हा धक्काच असतो.

मग अंगातून गरम वाफा निघतात, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, झोप उडते. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा एक भाग आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही चेतापेशी जास्त सक्रिय होतात आणि तापमानात जरासा बदल झाला तरी 'खूप गरम होतंय, घाम काढा' असा हुकूम सोडतात. त्यामुळे हे 'मनाचे खेळ' नाहीत, हे घरच्यांनाही सांगा.

जाता जाता: किमोनंतर पाळी थांबली म्हणजे मेनोपॉज आलाच असं नाही. तरुण बायकांमध्ये ती परत येऊ शकते आणि गर्भही राहू शकतो. टॅमॉक्सिफेन सुरू असताना गर्भधारणा झाली तर बाळाला धोका असतो. अशा वेळी हॉर्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, कॉपर-टी किंवा कंडोम वापरावा लागतो.

स्वीडनमध्ये काय झालं?

१९९०च्या दशकात बऱ्याच डॉक्टरांना वाटत होतं की कॅन्सरनंतरही एचआरटी द्यायला हरकत नसावी. कारण तेव्हाच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यासांत एचआरटी घेणाऱ्या बायकांचा कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमीच दिसत होतं.

यात एक मोठी मेख होती. कॅन्सरनंतर एचआरटी कोणाला मिळायची? जिची गाठ लहान होती, जिला पुन्हा त्रास होण्याची शक्यता कमी होती, जी दोन-चार वर्षं ठणठणीत होती, अशा बाईला. जिचा आजार गंभीर, तिला डॉक्टर एचआरटी देतच नव्हते. म्हणजे औषधाने फायदा झाला, की मुळात कमी धोका असलेल्यांनाच औषध मिळालं, हे कळायला मार्गच नव्हता. हे टाळायचं असेल तर कोणाला औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवावं लागतं. वैद्यकशास्त्रात त्याला रँडमाइज्ड ट्रायल म्हणतात.

अशी ट्रायल १९९७मध्ये स्वीडनमधून सुरू झाली. तिचं नाव हॅबिट्स. ब्रेस्ट कॅन्सरवर उपचार झालेल्या आणि मेनोपॉजचा त्रास असलेल्या १,३०० बायकांना त्यात घ्यायचं ठरलं होतं. निम्म्यांना एचआरटी, निम्म्यांना हॉर्मोनशिवायचे उपाय.

१,३००पर्यंत ती पोहोचलीच नाही. डिसेंबर २००३मध्ये ट्रायल थांबवावी लागली, कारण एचआरटीच्या गटात कॅन्सर परतण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसू लागलं होतं. २००८मध्ये पुढचे आकडे आले. ४४२ बायकांवर सरासरी चार वर्षं लक्ष ठेवलं होतं. एचआरटी घेणाऱ्या २२१ जणींपैकी ३९ जणींना पुन्हा ब्रेस्ट कॅन्सर झाला, न घेणाऱ्या २२१ जणींपैकी १७ जणींना. पाच वर्षांचा हिशोब केला तर एका बाजूला २२ टक्के, दुसऱ्या बाजूला ८ टक्के. मृत्यूंच्या संख्येत तेवढ्या काळात ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण कॅन्सर परत येणं म्हणजे पुन्हा ऑपरेशन, पुन्हा किमो, हे वेगळं सांगायला नको.

मग वाद कशावरून आहे?

त्याच काळात स्टॉकहोममध्ये दुसरी ट्रायल सुरू होती, ३७८ बायकांची. तिथे चार वर्षांनंतर एचआरटीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. एचआरटीच्या बाजूने बोलणारे आजही या ट्रायलचा दाखला देतात.

दोन्हींत फरक का पडला असावा? स्टॉकहोममध्ये प्रोजेस्टेरॉन प्रकारातलं औषध मुद्दाम कमीत कमी दिलं होतं. तिथे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायका जास्त होत्या आणि काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर गेलेल्या बायका कमी. हॅबिट्समुळे ही ट्रायलही वेळेआधी थांबवली गेली, त्यामुळे संख्या लहानच राहिली.

पण गोष्ट इथे संपत नाही. स्टॉकहोमच्याच बायकांचे जवळपास ११ वर्षांनंतरचे आकडे २०१३मध्ये आले. एचआरटी गटात ६० जणींना पुन्हा कॅन्सर झाला होता, दुसऱ्या गटात ४८ जणींना. हा फरक योगायोगाने आलेला असू शकतो, इतका लहान आहे. पण दुसऱ्या बाजूच्या स्तनात नवा कॅन्सर होण्याचं प्रमाण पाहिलं तर १४ विरुद्ध ४. रील बनवणारे चार वर्षांचा निकाल सांगतात आणि अकरा वर्षांचा सांगत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी ट्रायल टिबोलोन या औषधाची. हे कृत्रिम औषध शरीरात हॉर्मोनसारखं काम करतं आणि ते स्तनांसाठी सौम्य असेल अशी आशा होती. ३१ देशांतल्या तीन हजारांहून जास्त बायकांवर ते तपासलं गेलं. हॉट फ्लॅशेस कमी झाले, हाडंही मजबूत झाली. पण टिबोलोन घेणाऱ्यांपैकी १५.२ टक्के बायकांचा कॅन्सर परतला, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी १०.७ टक्के बायकांचा. ही ट्रायलही २००७मध्ये वेळेआधीच बंद झाली.

२०२२मध्ये अशा चार ट्रायल्सचा, म्हणजे सुमारे ४ हजार बायकांचा, एकत्र हिशोब मांडला गेला. हॉर्मोन घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर परतण्याचा धोका सुमारे दीडपट निघाला. ईआर पॉझिटिव्ह प्रकारात तो १.८ पट होता.

'माझा कॅन्सर तर ईआर निगेटिव्ह होता, मला चालेल का?'

त्याच हिशोबात हॉर्मोन रिसेप्टर निगेटिव्ह असलेल्या बायकांमध्ये धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला नाही. पण त्यांची संख्या कमी होती, म्हणून 'सुरक्षित' असा शिक्का कोणी मारलेला नाही. शिवाय पुढे दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर झाला तर तो ईआर पॉझिटिव्हही असू शकतो.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेचं मार्गदर्शन इथे उपयोगी आहे. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्यांना सरसकट एचआरटी देऊ नये. पण त्रास फारच तीव्र असेल, तर अपवाद म्हणून, धोके नीट समजावून सांगून विचार करता येतो. म्हणजे दार बंद आहे, पण कुलूप लावलेलं नाही. बाकी सगळे उपाय करून थकलेली, जगणं नकोसं झालेली एखादी बाई सगळं समजून हा धोका पत्करायला तयार असेल, तर तिला झिडकारण्याचा हक्क कोणाला नाही. फक्त तो निर्णय ऑन्कोलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ती, अशा तिघांनी मिळून घ्यायचा असतो. मेडिकलच्या काउंटरवर तो होत नाही.

योनीमार्गाच्या कोरडेपणाचं काय?

याबद्दल बायका सगळ्यांत कमी बोलतात. संबंधांच्या वेळी वेदना, लघवीला जळजळ, वारंवार इन्फेक्शन. हॉट फ्लॅशेस काही वर्षांत कमी होऊ शकतात, हा त्रास मात्र बहुतेक वेळा आपोआप कमी होत नाही.

पहिला उपाय हॉर्मोन नसलेलं मॉइश्चरायझर, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि संबंधांच्या वेळी पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट. खोबरेल तेल अनेक जणी वापरतात, पण तेलाने कंडोम फाटू शकतो.

एवढ्याने भागलं नाही तर तिथेच लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम किंवा गोळी हा पुढचा विषय. यातलं फार थोडं औषध रक्तात जातं. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या ४९ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ते वापरणाऱ्यांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यू होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. डेन्मार्कच्या ८,४६१ बायकांच्या अभ्यासातही एकूण धोका वाढला नव्हता. पण त्यातल्या ज्या लेट्रोझोलसारखी औषधं घेत होत्या, त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त आढळलं. ही औषधं शरीरातलं इस्ट्रोजेन अगदी नगण्य करतात, म्हणून बाहेरून थोडं जरी आलं तरी फरक पडत असावा. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांच्या बाबतीत डॉक्टर तुलनेने मोकळेपणाने विचार करतात. तेव्हा 'मी नेमकी कोणती गोळी घेते?' हे इथे सगळ्यांत महत्त्वाचं.

हॉर्मोनशिवाय काय करता येतं?

बरंच काही, आणि याची माहिती रुग्णांपर्यंत फार कमी पोहोचते.

व्हेन्लाफॅक्सिन हे मूळचं डिप्रेशनवरचं औषध. कमी डोसमध्ये ते हॉट फ्लॅशेस कमी करतं, हे ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांवरच तपासलेलं आहे. चिठ्ठीवर मानसोपचाराचं औषध पाहून घरचे बिचकतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. रात्रीचा त्रास जास्त असेल तर गॅबापेंटिन दिलं जातं, त्याने झोपही येते. लघवीच्या तक्रारींसाठी असलेलं ऑक्सिब्युटिनिनही उपयोगी पडतं, पण तोंड कोरडं पडतं.

एक सावधगिरी मात्र हवीच. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरची औषधं टॅमॉक्सिफेनसोबत टाळतात. टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर यकृतातल्या एका एन्झाइममुळे त्याचं खरं प्रभावी रूप तयार होतं. ही दोन औषधं तेच एन्झाइम अडवतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'मी टॅमॉक्सिफेन घेते' हे पहिलं वाक्य असू द्या.

नव्या औषधांत एलिन्झॅनेटंटकडे सगळ्यांचं लक्ष आहे. यात हॉर्मोन नाही. तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतल्या चेतापेशींना मिळणारा संदेश ते थेट अडवतं. टॅमॉक्सिफेन किंवा तशाच गोळ्या घेणाऱ्या ४७४ बायकांवर त्याची ट्रायल झाली आणि हॉट फ्लॅशेस स्पष्टपणे कमी झाल्याचं २०२५मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेत मेनोपॉजच्या हॉट फ्लॅशेससाठी त्याला मंजुरी मिळाली. याच्या आधी आलेलं फेझोलिनेटंट हे त्याच जातकुळीतलं औषध, पण क्वचित यकृताला इजा होऊ शकते म्हणून त्यावर एफडीएचा चौकटीतला इशारा आहे.

औषध नकोच असेल तर कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी आहे. लंडनमध्ये ब्रेस्ट कॅन्सरनंतरच्या ९६ बायकांवर झालेल्या ट्रायलमध्ये तिचा फायदा दिसला. वाफा कमी झाल्या म्हणण्यापेक्षा त्यांचा जाच कमी झाला.

शतावरी आणि सोयाबीन

'नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय' म्हणून घरोघरी सुरू होणारी गोष्ट म्हणजे शतावरी कल्प. शतावरीचा शरीरावर इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो असं मानलं जातं, म्हणूनच तर ती बायकांना देतात. मग ज्यांचं इस्ट्रोजेन औषधं देऊन मुद्दाम कमी केलं जातंय, त्यांनी ती आपल्या मनाने घेणं बरोबर नाही. दुधात घालून घेतलं म्हणून गुणधर्म बदलत नाही.

जेवणातल्या सोयाबीनची मात्र भीती नको. शांघायमध्ये ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या ५,०४२ बायकांच्या अभ्यासात सोयाचे पदार्थ खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर परतण्याचं प्रमाण उलट कमी होतं. हे भाजीतल्या सोया चंक्सबद्दल आणि टोफूबद्दल आहे, डब्यातल्या आयसोफ्लॅव्होनच्या गोळ्यांबद्दल नाही.

कॅन्सर झालेला नाही, पण बीआरसीए जनुकात दोष आहे. मग?

हा गट वेगळा आहे. पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून काही बायका चाळिशीच्या आसपास अंडाशय काढून घेतात. त्यांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झालेला नसेल, तर नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत एचआरटी देण्याचा विचार डॉक्टर करतात. कारण एवढ्या लवकर इस्ट्रोजेन गेलं की हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. वर दिलेले ट्रायल्सचे आकडे या बायकांना लागू होत नाहीत.